केटा आणि ओल्या मेंढ्यांचं मतदान

केटा हसायला लागली की आमच्या शेडबाहेर झोपलेले कुत्रे उठून उभे राहायचे. हसणं पोटातून निघायचं, छपराला जाऊन आपटायचं आणि खाली येताना चारपाच जणांना आपल्यासोबत घ्यायचं. मॅनिओटोटोच्या पठारावर कुठल्या शेतावर आमची टोळी उतरली आहे हे शेजारच्या शेतकऱ्याला त्या आवाजावरूनच कळे.

माकारेटा हे तिचं पूर्ण नाव, पण ते फक्त तिची मावशी वापरायची आणि तेही रागावल्यावर. मावशी म्हणजे वाइमारी, आमच्या लोकर कातरणाऱ्या टोळीची मालकीण. तिला सगळेच मावशी म्हणतात. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी मीही म्हणतो. मी आयव्हर, टोळीचा आचारी. बावीस वर्षं मी या माणसांना खायला घालतोय. पहिल्या वर्षी केटा बारा वर्षांची होती आणि माझ्या खिडकीतून गरम स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, पळवायची. आता ती चौतीसची आहे आणि अजून पळवते.

शेडमध्ये तिचं काम लोकर उचलण्याचं. कातरणाऱ्याने मेंढी मोकळी केली की खाली पडलेली अख्खी लोकर दोन्ही हातांनी कवेत घ्यायची आणि जाळीच्या मेजावर अशी फेकायची की ती चादरीसारखी सपाट पडावी. हे शिकायला लोकांना दोन हंगाम लागतात. केटाला एक आठवडा लागला.

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, पहाटे कामावर जाताना, गोठलेल्या रस्त्यावर तिची गाडी घसरून ओढ्यात गेली. डावा पाय गुडघ्याखाली गेला. मी इस्पितळात भेटायला गेलो. टोपी हातात घेऊन नुसता उभा. तीच म्हणाली, "आयव्हर, माझा डावा गमबूट तू घेऊन जा. आपला नंबर सारखाच आहे." मग ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. नर्स धावत आली.

चार महिन्यांनी ती लोखंडी पाय लावून शेडमध्ये परत आली. काम जमू लागलं. फेकलेली लोकर पूर्वीसारखीच सपाट पडू लागली. जमेना ते लोकांना. जो तो तिच्याशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचा, जणू पाय नाही, तिचे कानच गेले होते. कोणी तिला टोमणा मारेना. आमच्या टोळीत टोमणा न मारणं म्हणजे जेवायला न वाढण्यासारखं आहे. केटा वैतागली होती, पण बोलली नाही.

आता मेंढीचं असं आहे की ती ओली असेल तर कातरत नाहीत. ओली लोकर गाठोड्यात कुजते आणि कातरणाऱ्याची हाडं धरतात. त्यामुळे पाऊस पडला की आमची सुट्टी. आणि पठारावर थंडीत पाऊस पडला की बॉनेट डोंगरावर बर्फ पडतं. अपघातानंतरच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला तीन दिवस असाच पाऊस लागला. पत्ते खेळून सगळे एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा मावशीने फर्मान काढलं, "उठा. सगळे बॉनेटवर चला. इथे बसलात तर मी एकेकाला उकळून काढीन."

केटाने शाळेत असताना स्नोबोर्ड केलं होतं. इकडची सगळीच मुलं करतात. तिने तिथल्या दुकानातून एक फळी भाड्याने घेतली, लोखंडी पायात बूट घातला आणि मावशीला म्हणाली, "वर येतेस? नुसतं बघायला?" मावशी गमबुटात, लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेली, खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसली. मी खाली चहाचा थर्मास धरून उभा.

लिफ्टमध्ये बसताना मागचा पाय फळीवरून सोडवतात आणि पुढचा फळीला बांधलेलाच ठेवतात. केटाचा पुढचा पाय म्हणजे डावा. म्हणजे बूट, पट्टे आणि फळी यांचं सगळं ओझं त्या लोखंडी पायाला लोंबकळत होतं. पाय गुडघ्याखाली एका घट्ट रबरी मोज्याने बसलेला असतो. पण त्या दिवशी मोजा घामाने निसरडा झाला होता.

पुढचं मावशीने मला शंभरदा सांगितलं आहे.

केटा म्हणाली, "मावशी, माझा पाय गेला."

मावशी म्हणाली, "मुंग्या आल्या का? जरा हलव."

"अगं हलवू काय? गेला. तो बघ."

मावशीने खाली पाहिलं. फळी बर्फावर सपाट पडली होती आणि तिच्यावर पाय उभा होता. बूट घातलेला, ताठ, एकटा. क्षणभर तो तसाच थांबला, मग उताराला लागला.

मी खालून पाहिलं ते असं. वरून एक फळी येतेय, तिच्यावर नडगीएवढा एक पाय, त्याच्यावर माणूस नाही. पहिल्या वळणावर तो बरोबर वळला. शिकाऊ पोरांची एक रांग उतारावर बसली होती, तिच्या समोरून तो सुळकन गेला आणि पोरांनी त्याला हात केले. एक बाई किंचाळली. शेवटच्या उंचवट्यावरून त्याने छोटीशी उडी मारली, नीट उतरला आणि लिफ्टच्या दाराशी उभ्या असलेल्या एका दाढीवाल्या माणसाकडे गेला. त्याने वाकून एका हाताने त्याला पकडलं. त्याला हातच एक होता. दुसरा कोपरापासून नव्हता.

त्याने पाय उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "हा कोणाचा?"

"आमच्या केटाचा."

"आणि बाकीची?"

"मागून येतेय."

केटा वरच्या चाकाला वळसा घालून त्याच खुर्चीतून खाली येत होती. एक पाय हलवत, दोन्ही हातांनी लोकांना नमस्कार घालत. शेजारी मावशी डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती. केटाचं हसणं त्यांच्या आधी पोचलं. लिफ्टवाला हसत होता, तिकीटवाली हसत होती. आमचे सहाही कातरणारे बर्फात लोळत होते. वर्षभरात पहिल्यांदाच सगळे तिच्यावर हसत होते, तोंड भरून. टामाटी, आमच्यातला सर्वांत वात्रट, ओरडला, "केटा, पाय तुझ्यापेक्षा बरा चालवतो गं! त्यालाच कामावर ठेवू!"

मी केटाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती इतकी खूष होती की तिला श्वास घेता येत नव्हता.

दाढीवाल्याचं नाव डगल. तो पूर्वी स्वतः शर्यतीत उतरायचा. आता शनिवारी बॉनेटवर हात नसलेल्या, पाय नसलेल्या मंडळींना स्नोबोर्ड क्रॉस शिकवायचा. त्याने केटाला पाय परत दिला आणि म्हणाला, "पाय अचूक रेषेत आला. पायाला अक्कल आहे. आता बाईला आहे का ते बघू या."

"कसली शर्यत असते?" केटाने विचारलं.

"चार जणी एकदम फाटकातून सुटतात. वळणं, बर्फाच्या लाटा, उड्या. आधी खाली पोचेल ती जिंकली. धक्काबुक्की चालत नाही."

"पण होते?"

"होते," डगल म्हणाला.

केटा मावशीकडे वळली. मावशी अजून थर्मासच्या झाकणातून चहा पीत होती. "नाही," मावशी म्हणाली. "मला विचारूच नकोस. नाही."

पुढच्या शनिवारी मावशीनेच तिला बॉनेटवर सोडलं.

मग आमच्या टोळीला वेड लागलं. दुसरा शब्द नाही. शर्यतीत फाटक उघडताच दोन्ही हातांनी दांडे ओढून स्वतःला पुढे फेकायचं असतं, आणि डगल म्हणाला की निम्मी शर्यत तिथेच ठरते. झालं. टामाटीने मेंढ्यांच्या कोंडवाड्याचं एक जुनं फाटक काढलं, त्याला दोन दांडे ठोकले आणि शेडमागच्या उतारावर बसवलं. जुलैत पठारावर बर्फ उतरलं तेव्हा ट्रॅक्टरने ते लोटून लाटा केल्या, बेकार झालेल्या लोकरीची गाठोडी पुरून दोन वळणं केली. जेवणाच्या सुट्टीत केटा फळीवर, आणि तिच्याशी स्पर्धा करायला तीन कातरणारे माझ्या मोठ्या भाजायच्या ट्रेमध्ये बसून. रोज दुपारी चार जण फाटकात, मावशी शिट्टी वाजवायची आणि एकच गोंधळ. माझे तीन ट्रे पोचे येऊन डोंग्यासारखे झाले. त्या महिन्यात टोळीने वाकडे केक खाल्ले.

एक अडचण मात्र खरी होती. लोखंडी पायाचा घोटा वाकत नाही. वळणावर खाली बसायचं तर गुडघा पुढे यायला हवा, आणि तो येईना. केटा काठीसारखी ताठ व्हायची आणि आडवी पडायची. डगल म्हणाला, "टाचेखाली पाचर हवी. कडक, हलकी, पाण्याने न फुगणारी." सगळ्यांनी स्वयंपाकघरात नजर फिरवली आणि माझ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या भाजी चिरायच्या पाटावर येऊन थांबले.

"नाही," मी म्हणालो. "तो चांगला आहे."

"आयव्हर," केटा म्हणाली, "तू माझा गमबूट नेलास. काहीतरी दे की."

टामाटीने पाट करवतीने कापला. पाचर टाचेखाली बसली आणि केटा पहिल्यांदा वळणावर अशी खाली बसली की तिचा हात बर्फाला घासला. त्या बुटाला शेवटपर्यंत कांद्याचा वास यायचा.

सगळंच काही गंमतीत गेलं नाही. जुलैअखेरीस ती सरावात जोरात आपटली. गुडघ्याखालचा भाग सुजला, कातडी सोलून निघाली, दहा दिवस पाय लावता येईना. ती माझ्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बटाटे सोलत बसायची आणि कोणाशी बोलायची नाही. एकदा मी सहज म्हणालो, "झालं तेवढं पुरे नाही का गं? एकदा मरता मरता वाचलीस." तिने हातातला बटाटा भिंतीवर मारला.

"तुलाही तसंच वाटतं?" ती म्हणाली. "सगळे मला कापसात गुंडाळून ठेवतात. तिथे वर गेले की डगल ओरडतो, 'काय गोगलगाय आहेस! चल!' ते किती गोड लागतं ठाऊक आहे? आणि फाटक उघडलं ना आयव्हर, की सुटलेच मी. मला पायाची आठवणच राहत नाही. कुठल्याच पायाची."

मी भिंतीवरून बटाटा पुसला. थोड्या वेळाने म्हणालो, "गोगलगाय, सोलायचे अजून वीस आहेत." तिला हसू फुटलं.

बॉनेटवरची मोठी शर्यत ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी होती. ऑस्ट्रेलियाची मंडळी येणार होती आणि ज्या पहिल्या दोघींत येतील त्या पुढे युरोपला जाणार होत्या. नेमकी तेव्हाच आमची कामाची सर्वांत मोठी घाई. मेंढ्या विण्याआधी कातरून व्हायला हव्यात. त्या शनिवारी आम्ही अ‍ॅलास्टर नावाच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये होतो. माणूस भला, पण बोलायला कंजूष. मावशीने आधीच सांगून टाकलं होतं, "केटाला सुट्टी. बाकी कोणाला नाही. ऊन असलं तर कातरायचं. रडगाणं नको."

केटा शुक्रवारीच डगलबरोबर गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही नसलात तरी चालेल हं. डगल एका हाताने टाळ्या वाजवेल." पण गाडीत बसल्यावर तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

शनिवार उजाडला तो आरशासारखा. निळं आभाळ, कडक दंव, वारा नाही. मेंढ्या रात्रभर छपराखाली होत्या. इतक्या सुक्या की हात लावला तर ठिणगी उडावी. सहाही कातरणारे मेल्यासारख्या चेहऱ्याने न्याहारी करत होते. मी पहाटेच चाळीस पाय भाजून ठेवले होते. खिम्याचे पाय, म्हणजे आत खिमा भरून भाजलेल्या गोल पेस्ट्र्या, खायचे. का भाजले ते मला विचारू नका.

आता आमच्यात एक जुनी रीत आहे. मेंढी ओली की सुकी याबद्दल शंका असेल तर प्रत्येक कातरणाऱ्याने दोन मेंढ्या कातरून पाहायच्या आणि मग चिठ्ठीवर लिहायचं, ओली की सुकी. गुप्त मतदान. बहुमत ओलीचं झालं तर काम बंद. मालकाचं त्यात काही चालत नाही.

दुसरी मेंढी सोडून टामाटी सरळ उभा राहिला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, मला वाटतं मतदान घ्यावं."

कातरायची यंत्रं एकेक करून बंद झाली. दारात अ‍ॅलास्टर उभा होता. त्याच्या मागे सूर्य इतका लखलखत होता की त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"मतदान?" मावशी म्हणाली.

"मला हाताला जरा दमट लागतंय," टामाटी म्हणाला.

"मलाही," दुसरा म्हणाला आणि खोकला.

मावशीने त्यांच्याकडे एकेक करून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आयव्हर, साखरेचा डबा आण. रिकामा कर."

सहा चिठ्ठ्या डब्यात पडल्या. मावशीने चष्मा लावला आणि एकेक उघडून मोठ्याने वाचली. "ओली." "ओली." "ओली." चौथी उघडून ती थांबली. "चिंब." पाचवी होती, "निथळतेय." सहावी तिने दोनदा वाचली. "पोहतेय." तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या क्षणी मी त्या बाईसाठी जीव दिला असता.

अ‍ॅलास्टर पुढे आला. त्याने जवळच्या मेंढीच्या पाठीत मूठ खुपसली, लोकर चोळली, नाकाशी धरली. "वाइमारी," तो म्हणाला, "तुझं काय म्हणणं?"

"मी मत देत नाही," मावशी म्हणाली. "मी फक्त मोजते."

अ‍ॅलास्टरने हातातली लोकर खाली टाकली. मग त्याची नजर खिडकीतून बाहेर गेली. टोळीची गाडी आधीच तोंड फिरवून उभी होती आणि मागच्या सीटवर माझे चाळीस पाय फडक्याखाली वाफ सोडत होते.

"खिम्याचे आहेत?" त्याने विचारलं.

"खिम्याचे," मी म्हणालो.

"उद्या पहाटे पाचला सुकतील ना या?"

"सुकतील," सहा जण एकदम म्हणाले.

"मग मला पुढची सीट," अ‍ॅलास्टर म्हणाला. "मागे बसलो की मला मळमळतं."

दीड तासाच्या रस्त्याला आम्हाला सव्वा तास लागला. बॉनेटवर पोचलो तेव्हा केटा उपांत्य फेरीसाठी वर जायला निघाली होती. अंगभर लोकरीचं तेल, गुडघ्यापर्यंत लेंड्या अशा अवतारात आम्ही नऊ जण गाडीतून सांडलो. तिने पाहिलं. बोट दाखवलं. "मेंढ्या?" एवढंच म्हणाली.

"बुडाल्या!" टामाटी ओरडला.

तिच्या शेजारी हेल्मेट हातात घेऊन एक उंच, लालसर केसांची बाई उभी होती. ब्रायोनी, ऑस्ट्रेलियाची. तिचाही पाय गुडघ्याखाली नव्हता, उजवा. सकाळी वेळ मोजून घेतलेल्या फेरीत ती पहिली आली होती आणि केटा तिसरी. तिने नाक वर करून आमचा वास घेतला.

"काय गं, मेंढ्यांना घेऊन आलात वाटतं?"

"प्रेक्षक आहेत आमचे," केटा म्हणाली. "तुमचे कुठे राहिले?"

"कांगारूंना उड्या मारत समुद्र ओलांडता येत नाही ना."

"अरेरे. मग तुला घरी जाऊन कोण सांगणार की तू हरलीस?"

ब्रायोनी खदखदून हसली. मला ती तेव्हाच आवडली, पण मी ते मावशीला सांगितलं नाही.

उपांत्य फेरीत दोघी आपापल्या गटात पुढे गेल्या. अंतिम फेरीला चार जणी फाटकात उभ्या राहिल्या. केटा, ब्रायोनी आणि आणखी दोघी. आम्ही शेवटच्या उडीजवळ कुंपणाला चिकटून. मावशीने माझा हात धरला होता, त्याला पुढे चार दिवस निळा डाग होता.

फाटक पडलं. केटा बंदुकीतून सुटल्यासारखी बाहेर आली. लोकर उचलणारे खांदे ते! पहिल्या लाटांवरून ती सर्वांच्या पुढे. पहिल्या वळणात मागच्या दोघी एकमेकींत अडकल्या आणि बर्फात बसल्या, रुसल्यासारख्या. दुसऱ्या वळणात ब्रायोनी आतून घुसली आणि पुढे गेली. टामाटीने असा शब्द वापरला की अ‍ॅलास्टरने टोपी काढली.

तेवढ्यात ते ऐकू आलं. वरून, उतारावरून. केटा हसत होती. भीतीने नाही, रागाने नाही. शर्यतीच्या मध्यात, हरत असताना, ती मोठमोठ्याने हसत होती. तिसऱ्या वळणाला तो आवाज ब्रायोनीच्या मानेशी आला आणि मग तिलाही लागण झाली. दोघी खिदळत होत्या! दोन बायका, दोन खरे पाय, दोन लोखंडी, फळ्यांवरून वाऱ्यासारख्या येतायत आणि शाळेत मागच्या बाकावर बसल्यासारख्या खिदळतायत. कुंपणाला उभे असलेले लोक हसायला लागले. कशाला हसतोय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या उडीला दोघी बरोबरीने हवेत गेल्या. इतक्या जवळून की मला पांढरी पाचर दिसली. दोघी एकाच वेळी खाली आल्या, एकाच वेळी तोल गेला आणि पोटावर घसरत, हात पसरून, एकमेकींत गुंतून रेषेपलीकडे गेल्या आणि जाळीत जाऊन थांबल्या. बर्फाचा ढग खाली बसला तेव्हा जाळीतून फक्त हसणं येत होतं.

कोण जिंकलं ते डोळ्यांना कळलं नाही. पंच फोटो बघायला खोपट्यात गेले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मावशीचा धीर सुटला. तिने खोपट्याचं दार ठोठावलं. "एवढा घोळ कशाला घालताय? डबा आहे माझ्याकडे. मतदान घ्या!" आम्ही नऊ मतं घेऊन तयार होतो. त्यांनी दार लावून घेतलं.

शेवटी निकाल आला. ब्रायोनीच्या फळीचं टोक एक वीत पुढे होतं.

आमच्या गोटात सुतक पडलं. टामाटी कुंपणाला लाथ मारून लंगडत परत आला. मी केटाकडे गेलो. ती बर्फात बसून लोखंडी पायातलं बर्फ झटकत होती.

"किती?" तिने विचारलं.

मी बोटं पसरून दाखवली. "एवढंच."

"मेंढीच्या शेपटाएवढं!" ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा फुलला की मी चक्रावलो. "आयव्हर, पाहिलंस? मी तिच्याबरोबर हवेत होते! बरोबरीने! तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग सांग. कशी दिसत होते?"

"कातरलेल्या मेंढीसारखी," मी म्हणालो. "पळून जाणाऱ्या." तिने माझ्या मिशांवर बर्फ चोपडलं.

ब्रायोनी पदक गळ्यात घालून आली आणि सरळ माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. "ते पाय कोणाकोणाला मिळतात?" मी मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "जिंकलेल्यांना नाही." मग म्हणाली, "दे तिला दोन. नुसती हाडंच दिसतायत तिची."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मेंढ्या अर्थातच सुकल्या होत्या. शनिवारच्या मतदारांना मावशीने रेडिओशिवाय, गप्पांशिवाय, दिवसभर असं पिळलं की संध्याकाळी टामाटीला चमचा उचलेना. आणि दुपारी एक भाड्याची गाडी येऊन दारात थांबली. ब्रायोनीला विमानाआधी एक दिवस मोकळा होता. तिला शेड बघायचं होतं. आमच्या शेडमध्ये बघायला कोणी येत नाही. दहा मिनिटांत तिच्या हातात झाडू होता. केटा तिला लोकर फेकायला शिकवत होती आणि प्रत्येक वेळी ती लोकर मेजावर न पडता ब्रायोनीच्याच डोक्यावर पडत होती. "लवकर!" केटा ओरडत होती. "गोगलगाय! सोन्याचं पदक आणि झाडू धरता येत नाही!" अ‍ॅलास्टर दारात उभा राहून इतका हसला की त्याच्या कुत्र्याने त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

युरोपसाठी केटाची निवड झाली. पहिल्या वर्षी ती तिथे अकरावी आली, दुसऱ्या वर्षी सातवी. बर्फ इथलं संपलं की तिकडे जाते, तिकडचं संपलं की परत येऊन मेजाशी उभी राहते. मधल्या काळात लोकर कोण उचलणार यावरून मावशी दर वर्षी भांडते आणि दर वर्षी विमानतळावर सोडायला स्वतःच जाते.

या मार्चमध्ये फिनलंडहून तिचा फोन आला. आमची सकाळची न्याहारी चालू होती, तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ. मी फोन दुधाच्या जगला टेकवून मध्ये ठेवला.

"तिसरी!" ती किंचाळली. "तिसरी आले! ब्रायोनी पाचवी! ती इथेच बसलीय, तोंड पाडून!"

"खोटं आहे!" मागून ब्रायोनी ओरडली.

सगळ्यांनी टेबल बडवलं. माझी अंडी उडाली. मावशीने डोळे पुसले आणि कडक आवाजात विचारलं, "तिकडे मेंढ्या कशा आहेत?"

"मेंढ्या नाहीत मावशी. रेनडिअर आहेत."

टेबलावरचे सगळे फोनकडे सरसावले.

"लोकर असते त्यांना?" टामाटीने विचारलं.

"केस आहेत. दाट."

"शिंगं?"

"ही एवढी."

"मग पकडायचं कसं?" दुसऱ्याने विचारलं. "मेंढी कशी, बसवायची आणि पायांत धरायची. शिंगं आली म्हणजे डोकं कुठे ठेवायचं?"

"डाव्या काखेत."

"आणि डोळा फुटला म्हणजे?"

"मग उजव्या काखेत!"

"आधी शिंगांना बटाटे खोचायचे," टामाटी म्हणाला. "आयव्हर, दोन मोठे बटाटे दे."

तो उठला आणि दुसऱ्याला खुर्चीवर उताणा पाडून दाखवू लागला. तिसरा म्हणाला तू मान चुकीची धरली आहेस. मावशी म्हणाली, तुम्ही दोघंही गाढव आहात, रेनडिअर उभाच कातरावा लागेल, सरका, मी दाखवते. कामाची वेळ होऊन गेली. दुधाच्या जगला टेकवलेल्या फोनमध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, केटा हसत होती, ब्रायोनी हसत होती, आणि फोन ठेवायचं कोणालाच सुचत नव्हतं.